एका तासाचा माणूस

सायकलिंगमधला सगळ्यात सोपा विक्रम कोणता, असं कुणी विचारलं तर उत्तर आहे 'अवर रेकॉर्ड'. ट्रॅकवर एकट्याने उतरायचं, एक तास सायकल चालवायची आणि किती अंतर कापलं ते मोजायचं. शेजारी स्पर्धक नाही, समोर कुणाची पाठ नाही, डावपेच नाहीत. घड्याळ आणि टेप, बस्स.

या विक्रमाच्या यादीत १९१४ या वर्षासमोर ४४.२४७ किलोमीटर हा आकडा आहे आणि नाव आहे ऑस्कर एग, स्वित्झर्लंड. त्याच्या पुढची नोंद थेट १९३३ची. मधली १९ वर्षं रिकामी. त्या काळात पहिलं महायुद्ध होऊन गेलं, विमानांनी अटलांटिक ओलांडला, रेडिओ घरोघरी आला, पण एका तासात एगपेक्षा जास्त अंतर कुणालाही कापता आलं नाही.

मला हा आकडा आवडण्याचं कारण मात्र त्याचं दीर्घायुष्य नाही. तो मोडला तेव्हा जे भांडण झालं ते आहे. कारण त्या भांडणाचा प्रश्न 'कोण जास्त वेगवान?' हा नव्हताच. प्रश्न होता, 'सायकल म्हणजे काय?'

सुरुवात पॅरिसमध्ये होते. तिथे बुफालो नावाचा एक सायकल ट्रॅक होता, वेलोड्रोम. बफेलो बिलचा सर्कशीसारखा खेळ त्या जागेवर झाला होता, त्यावरून हे नाव पडलं. ११ मे १८९३ रोजी या ट्रॅकवर आंरी देग्रांज नावाच्या तरुणाने एका तासात ३५.३२५ किलोमीटर सायकल चालवली. हा पहिला अधिकृत अवर रेकॉर्ड. देग्रांजचं नाव लक्षात ठेवा, दहा वर्षांनी हाच माणूस 'टूर द फ्रान्स' सुरू करणार आहे आणि या गोष्टीत तो पुन्हा येणार आहे.

ऑस्कर एगचा जन्म १८९०चा, स्वित्झर्लंडमधल्या श्लाटचा. व्यावसायिक सायकलपटू म्हणून त्याने बस्तान मात्र फ्रान्समध्ये बसवलं. १९१२च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या २२व्या वर्षी, त्याने बुफालोवर मार्सेल बेर्थे या फ्रेंच सायकलपटूचा पाच वर्षं जुना विक्रम मोडला. बेर्थेचा आकडा होता ४१.५२०.

बेर्थे गप्प बसणारा नव्हता. ७ ऑगस्ट १९१३ला त्याने ४२.७४१ केले. दोन आठवड्यांनी, २१ ऑगस्टला, एगने ४३.५२५. महिन्याभराने, २० सप्टेंबरला, बेर्थेने ४३.७७५. दीड महिन्यात एकच विक्रम तीनदा बदलला. मग १९१४मध्ये एगने ४४.२४७ केले आणि हा सामना तिथेच थांबला.

बेर्थेच्या शेवटच्या आकड्यापेक्षा हे ४७२ मीटर जास्त आहेत. वाचायला किरकोळ वाटतं, म्हणून थोडं गणित. सपाट ट्रॅकवर या वेगाला सायकलपटूची जवळजवळ सगळी ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी ४४वरून ४५वर जायचं तर वेग सव्वादोन टक्के वाढतो, पण पायांना सुमारे सात टक्के जास्त काम करावं लागतं. तेही एक मिनिट नाही, साठ मिनिटं. एग दर ८१ सेकंदांना एक किलोमीटर या गतीने तासभर चालत राहिला. एकच गिअर, लाकडी रिमची चाकं, अंगात लोकरीची जर्सी हा त्या काळचा सरंजाम.

एग फक्त ट्रॅकचा गडी नव्हता. त्याच वर्षी त्याने पॅरिस–तूर ही रस्त्यावरची मोठी शर्यत जिंकली. मग टूर द फ्रान्समध्ये त्याने लागोपाठ दोन टप्पे जिंकले: ब्रेस्त ते ला रोशेल आणि ला रोशेल ते बायॉन. यातला पहिला टप्पा ४७० किलोमीटरचा होता. पुणे–नागपूर अंतराच्या दोनतृतीयांश, एका दमात, कच्च्या रस्त्यांवरून.

ती टूर २८ जून १९१४ला सुरू झाली होती. त्याच दिवशी साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. टूर संपली आणि आठवड्याभरात युरोप युद्धात होता. त्याआधी टूर जिंकलेले फ्रान्स्वा फाबेर, ओक्ताव लापीझ आणि ल्युसियाँ पेती-ब्रेतों असे तिघं जण त्या युद्धात गेले. बुफालोचा ट्रॅक पाडून ती जागा विमानं बांधण्याच्या कामाला दिली गेली. एग तटस्थ देशाचा नागरिक होता. तो अमेरिकेला गेला आणि तिथे 'सिक्स डे' शर्यतींमध्ये उतरला. बंदिस्त हॉलमधला छोटा ट्रॅक, दोघांची जोडी, सहा दिवस-रात्र आळीपाळीने सायकल चालवायची असा तो प्रकार. प्रेक्षक तिकीट काढून रात्रीबेरात्री यायचे. व्यावसायिक सायकलपटूंचा खरा पैसा तिथे होता. एगने युरोप आणि अमेरिका दोन्हीकडे अशा शर्यती जिंकल्या.

म्हणजे ४४.२४७ हा आकडा १९ वर्षं टिकला यात एगच्या पायांचा वाटा आहेच, पण महायुद्धाचाही आहे. तो मोडू शकणारी एक अख्खी पिढी खंदकात होती. विक्रमाच्या यादीत ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहायची?

आता १९३३. एग ४३ वर्षांचा आहे, शर्यती मागे पडल्यात आणि पॅरिसमध्ये त्याचा सायकलींचा धंदा आहे.

त्याच पॅरिसमध्ये शार्ल मोशे नावाचा एक माणूस पेडल मारून चालवायच्या छोट्या गाड्या बनवत असे. त्याचं नाव 'वेलोकार'. आरामात मागे रेलून बसायचं, पाय पुढे लांब करून पेडल मारायचं. चार चाकांची ही गाडी सायकलींपेक्षा वेगात जाते, हे लक्षात आल्यावर मोशेने तिची दोन चाकी आवृत्ती केली. आज आपण तिला रिकंबंट म्हणतो. कारण सरळ होतं, रेललेल्या माणसाचा हवेसमोर येणारा आकार लहान होतो. वरच्या परिच्छेदातलं घनाचं गणित तेच राहतं, फक्त त्याला गुणणारी संख्या कमी होते.

मोशेने या सायकलवर फ्रान्सिस फोरला बसवलं. फोर हा दुसऱ्या फळीतला सायकलपटू, मोठ्या शर्यती जिंकणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. ७ जुलै १९३३ला पॅरिसमध्ये ट्रॅकवर त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर कापले. एगच्या ८०८ मीटर पुढे.

गंमत म्हणजे त्याने कुठलाही लिखित नियम मोडला नव्हता. सायकलवर हवा कापणारी आवरणं लावायला बंदी होती, कारण १९१३मध्ये बेर्थेनेच टॉर्पेडोसारख्या कवचात बसून वेगाचे विक्रम केले होते आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, यूसीआयने, अशी कवचं बाद केली होती. पण फोरच्या सायकलला कवच नव्हतं. दोन चाकं, हँडल, पेडल, चेन आणि एक माणूस. माणसाने कसं बसायचं हे नियमात लिहिलंच नव्हतं, कारण दुसऱ्या तऱ्हेने कुणी बसेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तोच उन्हाळा संपता संपता नेहमीच्या सायकलवरूनही एगचा आकडा मोडला गेला. २५ ऑगस्टला नेदरलँड्समधल्या रूरमोंडला यान फान हाउटने ४४.५८८ केले. (पुढे दुसऱ्या महायुद्धात या फान हाउटचा मृत्यू नाझी छळछावणीत झाला.) चारच दिवसांनी बेल्जियममध्ये मॉरिस रिशारने ४४.७७७. एकोणीस वर्षं जागचा न हललेला आकडा दोन महिन्यांत तीन जणांनी ओलांडला. पण मग जगातला सर्वात वेगवान तास कुणाचा, फोरचा की रिशारचा?

फोरचा आकडा मोठा होता. पण १९३४मध्ये यूसीआयने शर्यतीच्या सायकलची नवी व्याख्या केली. सीट पेडलच्या आसापासून किती मागे असू शकते, पेडल जमिनीपासून किती उंच, पुढच्या चाकापासून किती दूर, सगळी मापं ठरली. त्या मापांत मोशेची सायकल बसत नव्हती. अवर रेकॉर्ड रिशारचा ठरला. फोरचे ४५.०५५ किलोमीटर वेगळ्या वहीत गेले आणि ती वही फारसं कुणी उघडत नाही. शार्ल मोशे त्याच वर्षी वारला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे दर काही महिन्यांनी 'ॲक्टिव्ह युजर' कुणाला म्हणायचं यावरून वाद होतो. ॲप उघडलं म्हणजे ॲक्टिव्ह, की काहीतरी केलं म्हणजे ॲक्टिव्ह? व्याख्या बदलली की डॅशबोर्डवरचा आलेख एका रात्रीत खाली येतो किंवा वर जातो. लोक मात्र तसेच असतात, कालचेच. त्यामुळे १९३४चा हा निर्णय वाचताना मला तो ओळखीचा वाटला. पण माझ्या डॅशबोर्डच्या मागे कुणाचे फुटायला आलेले फुप्फुस नसतात. फोरच्या आकड्यामागे होते.

यूसीआयच्या बाजूनेही बोलायला हवं. शर्यत माणसांची व्हावी, यंत्रांची होऊ नये, ही इच्छा चुकीची नाही. बंधन नसेल तर सगळ्यात चांगला कारखाना जिंकेल. शिवाय मोजमाप म्हटलं की रेषा कुठेतरी आखावीच लागते. ट्रॅकचं उदाहरण घ्या. आजही ट्रॅकची लांबी आतल्या कडेपासून २० सेंटिमीटरवर रंगवलेल्या एका काळ्या रेषेवर मोजतात. सायकलपटू त्या रेषेच्या एक मीटर बाहेरून गेला तर प्रत्येक फेरीला तो सव्वासहा मीटर जास्त चालतो, पण ते मोजले जात नाहीत. समजा ट्रॅक असा आहे की तीन फेऱ्यांचा एक किलोमीटर होतो. तासाभरात हे फुकट गेलेले अंतर सुमारे ८३० मीटर भरेल, म्हणजे फोर आणि एग यांच्यातल्या फरकापेक्षा जास्त. रेषेशिवाय विक्रमच नाही. माझी तक्रार रेषेबद्दल नाही. रेषा आखणाऱ्याने ती निसर्गाने आखली आहे असा आव आणावा, याबद्दल आहे.

आणि हे एगला नक्की कळत होतं असं मला वाटतं, कारण त्याने पुढे जे केलं ते पाहा.

तिशीच्या दशकात त्याने स्वतःच रॉकेटच्या आकाराची, पूर्ण कवच असलेली सायकल बांधली. डोळ्यापुढे होते तासाला ५० किलोमीटर. ज्याचा आकडा यंत्राने मोडला, तो माणूस रुसून नियमांच्या मागे लपला नाही, आणखी वेगवान यंत्र बांधायला लागला. पण पन्नासच्या जवळ पोहोचला तो त्याचा जुना प्रतिस्पर्धी, बेर्थे. विमानांचा आराखडा करणाऱ्या मार्सेल रिफारने त्याच्यासाठी 'वेलोदिन' नावाची कवचधारी सायकल आखली होती. नोव्हेंबर १९३३मध्ये ४६ वर्षांच्या बेर्थेने तिच्यात बसून एका तासात ४९.९९२ किलोमीटर कापले. पन्नासला आठ मीटर कमी. वीस वर्षांपूर्वी, ऐन भरात असताना, त्याने ४३.७७५ केले होते. पाय वीस वर्षांनी म्हातारे झाले आणि अंतर सहा किलोमीटरने वाढलं. हवा म्हणजे काय चीज आहे, हे यापेक्षा स्पष्ट कुणी दाखवलं नसेल.

पन्नासचा आकडा शेवटी फोरनेच ओलांडला. मार्च १९३९मध्ये, शार्लचा मुलगा जॉर्ज मोशे याने कवच घातलेल्या रिकंबंटवर, ५०.५३७ किलोमीटर. अर्थात वेगळ्या वहीत.

एगचं नाव मात्र यंत्रांच्या इतिहासात वेगळ्याच वस्तूने राहिलं. त्याने 'सुपर चॅम्पियन' नावाचा डिरेलर बाजारात आणला. डिरेलर म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी गिअरची यंत्रणा, आज कुठल्याही गिअरच्या सायकलला मागे लटकलेली दिसते ती. एगच्या यंत्रणेत मागच्या चाकापाशी एक काटा चेनला बाजूला ढकलायचा आणि पेडलजवळची स्प्रिंगची दांडी ढिली पडलेली चेन ताणून धरायची. साधी, हलकी, दुरुस्त करायला सोपी.

ही वस्तू टूर द फ्रान्सच्या सायकलपटूंना का हवी होती, हे समजण्यासाठी तेव्हाची पद्धत माहीत हवी. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या आकाराच्या चकत्या असत. घाट आला की सायकलवरून उतरायचं, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं आणि पुढे निघायचं. माथ्यावर पोहोचल्यावर उतारासाठी हाच खटाटोप पुन्हा. थंडीने बोटं बधिर झालेली असताना. डिरेलर तेव्हा उपलब्ध होते, हौशी सायकलवाले ते वापरतही होते. पण टूरच्या मुख्य सायकलपटूंना ते वापरायला बंदी होती.

बंदी घालणारा कोण? आंरी देग्रांज. बुफालोवर ३५.३२५ किलोमीटर करणारा, अवर रेकॉर्डच्या यादीतला पहिला माणूस. त्याच्या लेखी गिअर बदलणं म्हणजे माणसाच्या ताकदीच्या परीक्षेत कॉपी करणं होतं.

१९३६मध्ये आजारपणामुळे देग्रांज बाजूला झाला आणि सूत्रं जाक गोदेकडे आली. १९३७च्या टूरमध्ये सर्व सायकलपटूंना डिरेलरची परवानगी मिळाली. त्या टूरमध्ये एगचा सुपर चॅम्पियन दिसू लागला आणि फ्रान्सचा रॉजर लापेबी टूर जिंकला. डिरेलर लावून टूर जिंकणारा पहिला म्हणून त्याचं नाव घेतात.

आता हे दोन निर्णय शेजारी ठेवून बघा. १९३४मध्ये मागे रेलून बसणं बाद झालं, कारण ते यंत्राची मदत होतं. १९३७मध्ये डिरेलर मंजूर झाला, आणि तोही यंत्राची मदतच होता. आज डिरेलरशिवाय टूरची कल्पना करता येत नाही आणि रिकंबंट दिसली की लोक वळून बघतात. यातलं एक 'खरं सायकलिंग' आणि दुसरं नाही, याचं तर्काने दिलेलं उत्तर मला कुठे सापडत नाही. निर्णय झाले आणि सवय लागली, एवढंच.

ही सवयही पक्की नसते. २२ ऑक्टोबर १९९४ला दुसरा एक स्विस, टोनी रोमिंगर, अवर रेकॉर्डच्या यादीत आला. तीन वेळा स्पेनची व्हुएल्टा जिंकलेला रस्त्यावरचा सायकलपटू, ट्रॅकचा अनुभव जेमतेम. बोर्दोमध्ये त्याने ५३.८३२ केले आणि दोन आठवड्यांनी ५५.२९१. सहा वर्षांनी, २०००मध्ये, यूसीआयने ठरवलं की १९८४पासूनच्या सगळ्या विक्रमांत तंत्रज्ञानाचा हात फार आहे. ते सगळे आकडे वेगळ्या यादीत गेले आणि अवर रेकॉर्ड एडी मेर्क्सच्या १९७२च्या ४९.४३१वर परत आणला. रोमिंगर झोपला तेव्हा यादीत होता, उठला तेव्हा नव्हता. मग २०१४मध्ये नियम पुन्हा बदलले आणि आधुनिक ट्रॅक सायकलींना परवानगी मिळाली. २०२२मध्ये स्वित्झर्लंडमधल्या ग्रेन्खेनच्या ट्रॅकवर फिलिप्पो गान्नाने ५६.७९२ केले. त्याआधी सातच आठवडे, त्याच ट्रॅकवर, ५५.५४८ करणारा डॅन बिगम हा हवेचा अभ्यास करणारा इंजिनिअर होता आणि गान्नाच्याच संघात कामाला होता. एगसारखा, पाय आणि पाना दोन्ही असलेला माणूस.

एग १९६१मध्ये नीसला वारला. त्याने १९१२ ते १९१४मध्ये रेषेच्या आत राहून आकडा वाढवला, मग रेषेबाहेर जाऊन कवच बांधलं आणि शेवटी त्याच्या डिरेलरने रेषाच थोडी सरकवली. खेळाडूच्या आयुष्यात हे तिन्ही क्वचित घडतं.

फ्रान्सिस फोरच्या नशिबात यातलं काही नव्हतं. त्याचे १९३९चे ५०.५३७ किलोमीटर अधिकृत सायकलवरून ओलांडायला जानेवारी १९८४ उजाडावा लागला. इटलीचा फ्रान्चेस्को मोझेर, मेक्सिको सिटीची विरळ हवा, भरीव चकतीची चाकं आणि खास आराखड्याची सायकल, एवढं सगळं लावून ५०.८०८. दुसऱ्या फळीतल्या एका सायकलपटूला गाठायला पहिल्या फळीला ४५ वर्षं लागली. अधिकृत यादीत त्याचं नाव शोधलंत तर सापडणार नाही.